टक आणि थप

तो सिनेमा घरात लागला की शेवटचा नाच यायच्या जरा आधी किल्लीकाका उठायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे. दार पूर्ण लावायचे नाहीत, चार बोटं फट ठेवायचे. पाहुण्यांना वाटायचं, माणूस हळवा आहे, पोरगी पडते ते बघवत नसेल. बायकोची खात्री होती की यांना चोरून सिगारेट ओढायची असते. ती दर वेळी नंतर गॅलरीत जाऊन वास घ्यायची आणि हिरमुसून परत यायची. काका तिथे नुसते ऐकत उभे असायचे. आतून दोनदा आवाज यायचा, टक, टक. तो आला की त्यांचे खांदे सैल पडायचे. मग ते कुंडीतली वाळलेली पानं खुडायचे आणि नाच संपला की पुन्हा खुर्चीत येऊन बसायचे. हे कित्येक वर्षं चाललं होतं.

सिनेमा बॅले नाचणाऱ्या एका मुलीचा. जिथे ती लहानाची मोठी झाली ते नाट्यगृह पाडायचं ठरतं आणि आदल्या दिवशी ती रिकाम्या खुर्च्यांसमोर एकटी नाचते, एवढीच गोष्ट. पण तो शेवटचा नाच लोकांच्या डोक्यातून काही केल्या जात नाही. रंगमंचाच्या पायरीवर बसून ती बूट हातात घेते, त्याचं टोक जमिनीवर दोनदा आपटते, बूट उलटा करून क्षणभर बघते आणि हसते. त्या हसण्यावर विद्वान मंडळींनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मग ती उठते, नाचते, आणि नाच अगदी रंगात आला असताना पाय मुडपून कोसळते. जमिनीवर बसून तीन श्वास घेते. पुन्हा उभी राहते आणि उरलेला नाच लंगडत पुरा करते. थिएटरात या जागी लोक हुंदके देऊन रडले होते. नाचणारी बाई खरीखुरी बॅलेवाली होती, आणि त्या दिवसानंतर ती बोटांच्या टोकावर पुन्हा कधीच उभी राहिली नाही.

तिचे बूट काकांनी केले होते.

बॅलेचे बूट करणं हा विचित्र धंदा. दिसायला साटीनचं नाजूक खेळणं, पण सगळा जीव त्याच्या टोकात. त्या टोकाला कारखान्यात डबी म्हणत. गोणपाट, कागद आणि कापड यांचे थर कणकेच्या खळीनं एकावर एक चिकटवायचे, हातानं गोल करायचे, हातोडीनं ठोकून आकार द्यायचा आणि भट्टीच्या कपाटात दोन दिवस वाळवायचं. मग अख्खी बाई त्या रुपयाएवढ्या जागेवर उभी राहते. प्रत्येक कारागिराचा स्वतःचा ठसा असे आणि जोड पसंत पडला की तो तळाला मारायचा. एकाचा माशाचा होता, एकाचा छत्रीचा, काकांचा किल्लीचा. नाचणाऱ्या बायकांना कारागिराचं नावगाव ठाऊक नसे, त्या नुसतं कळवत, मला छत्रीचेच पाठवा. किल्लीच्या जोडांना सगळ्यांत जास्त मागणी होती. काका बोलायला गरीब, पण कामात नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. बाजूच्या बाकावरचा, माशाच्या ठशाचा मासेवाला त्यांना चिडवायचा, "अरे, बूट करतोयस की पोरीचं स्थळ बघतोयस?"

ठसा मारायच्या आधी काका प्रत्येक बूट बाकावर दोनदा आपटायचे. डबी आतपर्यंत वाळली असेल तर टक वाजते. ओल राहिली असेल तर थप, आणि अशी डबी नाचताना मऊ पडते, पाय मुडपतो. वरून हात लावून काही कळत नाही, दोन्ही सारखेच कडक लागतात. कान तयार व्हायला दहा वर्षं लागतात आणि एकदा तयार झाला की तो खोटं बोलत नाही. थप वाजला की जोड पुन्हा भट्टीत. यात दयामाया नाही.

एकतीस वर्षांपूर्वी सिनेमावाल्यांची मागणी आली. बाईंसाठी सहा जोड, दुपारपर्यंत, किल्लीचेच. पाच जोड वाळून तयार होते. सहावा आदल्या दिवशी केलेला, भट्टीत होता. दुपारी दवाखान्यातून फोन आला. बायकोचे दिवस अजून भरले नव्हते, पण तिला आत नेलं होतं आणि डॉक्टर सह्या मागत होते. त्या वेळचा मुकादम दारात घड्याळाकडे बघत उभा. काकांनी सहावा जोड भट्टीतून काढला, बाकावर आपटला.

थप.

पुन्हा आपटला. थप.

काकांनी विचार केला, असं म्हणायचं तर म्हणू, पण खरं तर त्यांनी विचार केलाच नाही. पाच जोडांत बाईंचं काम भागेल, सहावा खोक्यात पडून राहील, एवढं स्वतःला सांगून त्यांनी किल्लीचा ठसा उचलला, तळाला मारला आणि धावत सुटले. संध्याकाळी लेक झाली. मूठभर होती, पण रडली खणखणीत. बायकोही वाचली. काका दवाखान्याच्या बाकावर बसून ढसाढसा रडले आणि जोडाचं साफ विसरून गेले.

तीन आठवड्यांनी मासेवाल्यानं पेपर पुढे केला. शूटिंगमध्ये बाईंचा घोटा मोडला होता. काकांनी ती बातमी दोनदा वाचली. पण सहापैकी कोणता जोड पायात होता हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कारखान्यात कोणी चौकशीला आलं नाही, बाईंकडूनही तक्रारीचा शब्द आला नाही. उलट पुढे एका मुलाखतीत त्या म्हणाल्या, ते पडणं नाचातच बसवलेलं होतं. काकांनी ते कात्रण जपून ठेवलं, पण त्यावर विश्वास ठेवला नाही. ते सिनेमा बघायला गेले, आणि पायरीवर बसून ती बूट हातात घेते तिथे त्यांना पुढे बघवेना म्हणून उठून दाराशी आले. दाराच्या पडद्याआडून आवाज आला. टक, टक.

टक म्हणजे वाळलेला. म्हणजे तो जोड पाचांतला. सहावा नव्हे.

या दोन आवाजांवर त्या माणसानं एकतीस वर्षं काढली. मन खायला उठलं की सिनेमा लावायचा, गॅलरीत जायचं आणि टक टक ऐकून यायचं. औषध घ्यावं तसं. बायकोला सांगितलं नाही. लेकीला तर कोणत्या तोंडानं सांगणार? ती बिचारी लहानपणापासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या बाबांचे बूट आहेत ते, आणि मी झाले ना, त्याच दिवशी त्यांनी ते पाठवले." शाळेत जाताना उंबऱ्यावर बूट दोनदा आपटून, उलटा करून बघून, हसून मग घालायची. काकांनी एकदा त्यावरून तिला उगाचच जोरात रागावलं होतं.

मग काकांचा निवृत्तीचा दिवस आला. कारखान्याच्या मालकीणबाईंनी निरोपाचा समारंभ ठेवला आणि लेकीशी संगनमत करून एक गुपितही ठेवलं. चहा झाला, भाषणं झाली, मासेवाल्यानं स्थळाचा जुना विनोद पुन्हा केला. मग दारातून काठी टेकत एक बाई आल्या. पांढरे केस, मान ताठ, पायात रुंद, बसके, अगदी साधे बूट. लेक टाळ्या वाजवत म्हणाली, "बाबा, बघा कोण आलंय!" आणि काकांनी त्यांना ओळखून हातातली कपबशी खाली ठेवली.

"तुमचा बाक दाखवा मला," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं तुमचे बूट घातले, तुम्हाला कधी पाहिलं नाही."

बाक मागच्या खोलीत होता. दोघंच तिकडे गेली. काकांनी सवयीनं फळीवरचा एक जोड उचलला आणि बाकावर आपटला. टक, टक.

"हं," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा असंच बघायचे. आमच्या गुरूबाईंनी शिकवलं होतं."

इतकी वर्षं विचारायचं होतं ते आता समोर उभं होतं.

"बाई, तो शेवटचा नाच. तुम्ही पडलात तो. तेव्हा कितवा जोड होता पायात?"

"सहावा. दिवसभर नाचून पाच निकामी झाले होते. तेवढाच राहिला होता."

"नाही," काका म्हणाले. "नाही, कसं शक्य आहे? सिनेमात टक वाजतो. मी ऐकलंय. शंभर वेळा ऐकलंय."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, डॉक्टर रोग्याकडे बघतात तसं.

"तो आवाज नंतर भरलाय हो. आवाजवाल्यांनी लाकडी ठोकळा फरशीवर वाजवला होता, मी तिथे होते. माझ्या हातातला बूट थप वाजला. दोनदा आपटला, दोन्ही वेळा थप."

काकांनी हातातला जोड फळीवर परत ठेवला.

"ओला होता," ते म्हणाले. "मला माहीत होतं. मी ऐकलं होतं आणि तरी ठसा मारला. घरी अडचण होती... अडचण जाऊ दे. मी मारला ठसा."

"माहीत आहे."

"पण मग तुम्ही घातलात का? थप ऐकून? थांबा म्हणायचं होतंत!"

"म्हणणारच होते. कॅमेरा चालू होता, तरी म्हणणार होते. मग उलटा करून बघितला. तळाला किल्ली." बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "किल्लीनं अकरा वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता. मला माझंच हसू आलं. म्हटलं, दमलेयस बाई, तुझेच कान वाजतायत. आणि घातला."

काकांना वाटलं, हिनं शिव्या द्याव्यात. काठी उगारावी. ते सोसलं असतं.

"पेपरात तुम्ही सांगितलंत, पडणं बसवलेलं होतं म्हणून," ते कसेबसे म्हणाले.

"तुम्हाला वाचवायला नाही सांगितलं. बूट ओला आहे हे कळूनही घातला, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? त्यापेक्षा ती कला म्हटलेली बरी." त्या हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "पहिली काही वर्षं रोज वाटायचं, तो किल्लीवाला एकदा येईल, दारात उभा राहील, म्हणेल, बाई, चूक माझी. मी काही तुम्हाला खाल्लं नसतं. फार तर चार शब्द सुनावले असते, आणि मग तुम्हालाही चहा दिला असता. तुम्ही आलाच नाहीत. शेवटी मीच आले."

एवढं बोलून त्या बाहेर गेल्या, मालकीणबाईंशी हवापाण्याचं बोलल्या, लेकीच्या गालावर हात फिरवून म्हणाल्या, "तुझा आणि माझ्या त्या नाचाचा घरोबा जुना दिसतोय," आणि गाडीत बसून निघून गेल्या. काका फळीपाशीच उभे होते. शेवटचे चार जोड ठसा मारायचे राहिले होते. मुकादम म्हणाला, "काका, शेवटचे चार तुमच्या हातचे होऊ द्या." काकांनी ठसा हातात घेतला, तळव्यावर उलटसुलट केला आणि खणात ठेवून दिला. "दुसऱ्या कोणाचा मारा," म्हणाले.

संध्याकाळी घरी चार नातेवाईक जमले आणि लेकीनं अर्थातच तो सिनेमा लावला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आज तरी बसा की शेवटपर्यंत." शेवटचा नाच जवळ आला. लेकीनं सवयीनं गॅलरीच्या दाराकडे बघितलं. काका उठले नाहीत.

पडद्यावर मुलगी पायरीवर बसली. तिनं बूट हातात घेतला, जमिनीवर आपटला. टक, टक. उलटा करून तिनं तळाकडे बघितलं. एकतीस वर्षांत काकांनी हे पहिल्यांदाच पाहिलं. दमलेला, चिंतेत पडलेला चेहरा, आणि मग तो एकदम निवला, घरचं माणूस दारात दिसावं तसा. ती हसली.

"तो आवाज खोटा आहे," काका म्हणाले.

"काय, बाबा?"

"बंद कर ते. थांबव."

लेकीनं चित्र थांबवलं. बायको ओले हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"खरा आवाज थप होता," काका म्हणाले. "तो जोड ओला होता आणि मी तो तसाच दिला. त्या दिवशी तू झालीस. पण हे नीट ऐक, तू झालीस म्हणून हे घडलं नाही. थप मला दोनदा ऐकू आला होता. तरी ठसा मी मारला. बस इथे, सगळं सांगतो."

लेक हळूच खाली बसली. पडद्यावर ती मुलगी बूट हातात धरून हसत होती. अजून पडली नव्हती.