पैऱ्याचा शब्द

आमच्याकडं शर्यतीच्या जोडीतले दोन्ही बैल एकाच मालकाचे असतीलच असं नाही. एक माझा, एक दोस्ताचा, दोन्ही एकाच छकड्याला. याला पैरा म्हणतात. आज तुझा बैल माझ्या मैदानात पळाला, की पुढं माझा तुझ्या मैदानात पळणार. कागद नाही, सही नाही. पण पैरा मोडणाऱ्याला पुन्हा कुणी बैल देत नाही. त्यात मी फौजेत नोकरी काढलेला माणूस, शब्दाचा माज मला जरा जास्तच.

सांगलीकडच्या माझ्या दोस्तानं गेल्या हंगामात त्याचा बैल आमच्या साताऱ्यापर्यंत आणला आणि आम्ही फायनल मारली. आठव्या दिवशी त्याच्या गावचं मैदान. वडील असते तर पायातलं काढलं असतं त्यांनी. त्यांचा नियम साधा होता. एक मैदान झालं की पंधरा दिवस खांद्यावर जू नाही. सकाळी चालवायचा, दुपारी विहिरीत पोहवायचा, बास. कारण मैदानात बैल एकदा पळून सुटत नाही. आधी गट, मग सेमी, मग फायनल, एका दिवसात तीन वेळा. दूध पाजा, अंडी पाजा, ताणलेल्या शिरा खुराकानं भरून येत नाहीत.

आदल्या दिवशी बायको वैरण टाकून आली. "आवं, डाव्या पायाला खुराच्या वर ऊन लागतंय. हात लावून बघा."

मी लावला. उजव्याला लावला, परत डाव्याला. फरक होता.

"उन्हात उभा हुता, म्हणून," मी म्हणालो.

"सावलीत बांधलाय मी."

मी तिच्यावर खेकसलो. खोटं पकडलं गेलं की मला फार लवकर राग येतो.

दोस्ताच्या मैदानात आम्ही गट काढला, सेमीही काढली. लोक शिट्ट्या मारत होते आणि मला बैलाच्या डाव्या पायाशिवाय काही दिसत नव्हतं. सेमीनंतर झाडाखाली बांधला तेव्हा तो पाय अलगद टेकवत होता. फायनलला तासभर अवकाश होता. पंचांकडं जायचं आणि 'आमची गाडी काढा' एवढंच म्हणायचं. दोनदा उठलो, दोनदा बसलो. दोस्ताचं अख्खं गाव बघत होतं, ऐनवेळी त्याच्या बैलाला दुसरा जोडीदार कुठला मिळणार?

तेवढ्यात दोस्तच दोन्ही बैलांना पाणी पाजून माझ्याकडं आला. "हाय न्हवं बराबर?"

"हाय की," मी म्हणालो.

फायनलचा झेंडा पडला, गाड्या सुटल्या. निम्म्या वाटेवर माझा बैल डाव्या पायात बसला. जू तिरकं झालं आणि सगळा भार दोस्ताच्या बैलावर गेला. तो धडधाकट गडी, थांबलाच नाही, ओढत राहिला. मग दोघंही आडवे झाले. माझा उठला. त्याचा उठला नाही, खांद्याच्या फऱ्यातून पाय निसटला होता. डॉक्टर म्हणाले, जगेल, पण आता पळायचा नाही.

माझा बैल महिन्याभरात चांगला चालायला लागला. त्याला बघितलं की मला माझीच लाज वाटायची. घास गोड लागेना. शेवटी एका सकाळी मोटारसायकल काढली आणि सांगली गाठली. दोस्त गोठ्यात बैलाला गूळ चारत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "पाय दुखावलाय हे मला आदल्या दिवसापासनं म्हाईत हुतं."

त्यानं वर बघितलं नाही. हातातला गूळ बैलाला चारून संपवला.

"सेमीनंतर पाणी पाजताना मीबी तुझ्या बैलाला हात लावला हुता रं," तो म्हणाला. "पाय लय तापला हुता. पर तू 'हाय की' म्हणालास, मग पैरा मोड म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू? झेंडा पडंस्तवर वाट बघितली, तू म्हणशील म्हणून."