बर्फाचा चंद्र आणि घरातला कापूस

कापसाला भावच नव्हता, त्या वर्षांतली गोष्ट. बाभुळगावजवळच्या एका तांड्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते आणि एका बंजारा बाईच्या घरी भाड्यानं राहत होते. तिच्या अर्ध्या घरात पुरुषभर उंच कापूस रचलेला, त्यावर तांड्यातली पोरं नाचायची. भाव चढेपर्यंत विकायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. तिचं वर्षभराचं पोट त्या ढिगावर होतं.

मला शिक्षकांच्या मेळाव्यात बोलायचं होतं: गुरू ग्रहाच्या एका बर्फाळ चंद्राच्या पोटात पाणी गोठत कसं नाही? सूर्य तर तिथं नावालाच. पुस्तक म्हणे, चंद्राची वाट पुरती गोल नाही. गुरूजवळ आला की तो जास्त ताणला जातो, लांब गेला की सैल पडतो. या सततच्या मळण्यानं आत घर्षण होतं आणि ऊब येते. ठीक. पण त्या घर्षणात जोर खर्च होऊन वाट हळूहळू गोल व्हायला हवी ना? तर म्हणे, शेजारचे चंद्र ठरल्या वेळी ओढतात आणि ती गोल होऊ देत नाहीत. अगं बाई! कोण कोणाला तापवतंय, काही उमजेना. डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

अशातच एका सकाळी घरमालकीण ढिगात खांद्यापर्यंत हात खुपसून उभी. "मॅडम, आतून गरम लागून राह्यला. उन्हात पसरतो आता. पण गरम काहून होते हो?"

माझी जीभ मेली कुठं गप्प बसते! "पोरं वर नाचतात ना, दाबलं की तापतं, पुस्तकातच आहे. तुडवणं बंद करा, थंड होईल. पसरायची गरज नाही."

शिकलेली बाई सांगते म्हटल्यावर तिनं ऐकलं. पोरांना हाकललं, कापूस तसाच ठेवला. अहो, दवात वेचलेला ओला कापूस तो! ती ओलच त्याला आतून तापवत होती. तापलेला कापूस पसरायचाच असतो, हे तांड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं.

आठ दिवसांनी ढीग उकरला, तर आतला कापूस पिवळा पडलेला, कुबट वासाचा. व्यापाऱ्यानं मूठभर हातात घेतला आणि गाडी रिकामीच परत नेली.

ती ओट्यावर बसली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. "मॅडम," तिनं विचारलं, "चूक कोणाची झाली जी?"

माझी, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण लाज वाटली, आणि मी म्हणाले, "दोघींची."

"नाही जी," ती म्हणाली, "तुम्ही तं पुस्तकातलं सांगतलं. मलेच पसराले पाह्यजे होता."