मुद्देमालाच्या खोलीतले हात

दुपारच्या सुट्टीत सुनीता भाजीभात चमच्याने खाताना दिसली आणि मी माझा डबा मिटून तिच्याजवळ गेले.

पोलीस ठाण्यातली मुद्देमालाची खोली आता तिच्याकडे आहे. आधी ती माझ्याकडे होती. जप्त केलेल्या गांजाची पोती उघडायची, वजन करून सील लावायचं. दोन वर्षं मला काहीच झालं नाही. मग शिंका सुरू झाल्या, हातांवर गांधी उठू लागल्या. ओलसर, बुरशी धरलेल्या पोत्यात हात घातला की बोटांवर काळपट चिकटा बसायचा. तीनदा साबण लावूनही वास जायचा नाही. लेकीला घास भरवायला गेले, तर तिने तोंड फिरवलं. तेव्हापासून मला स्वतःच्याच हातांची किळस वाटू लागली; मीही चमच्याने जेवू लागले.

"तुम्ही ओढत नाही, मग तुम्हाला कसला त्रास?" साहेब म्हणाले होते. डॉक्टरांनी मात्र बजावलं, "शरीराने एकदा या झाडाशी वैर धरलं की ते विसरत नाही. पुढच्या वेळी घसा सुजेल." तो सुजलाच. मग माझी बदली ठाण्यातच दुसऱ्या कामावर झाली. सुनीताला ताबा देताना मी फक्त किल्ल्या आणि नोंदवही दिली.

"सर्दी आहे हो ताई," ती नाक पुसत म्हणाली. मी तिची बाही वर सारली. कोपरापर्यंत लाल गांधी होत्या. त्या वासापेक्षा मला माझ्या गप्प बसण्याची किळस आली. मी तिला तशीच साहेबांच्या खोलीत नेली आणि तिचे दोन्ही हात त्यांच्या टेबलावर ठेवले.