दोन नोंदी काढल्या

ताईंची आणि माझी ओळख बसमधली. दर जानेवारीत दिल्लीतली काही मराठी माणसं पानिपतच्या स्मारकाला, काला अंबला जातात, ती बस कस्तुरबा गांधी मार्गावरून सुटते. दोन वर्षांपूर्वी त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. मूळच्या नागपूरच्या, एका सरकारी खात्यात कारकून, बदलीवर इकडे आलेल्या. त्यांच्या खात्याचं कर्मचाऱ्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आमची नोएडातली कंपनी सांभाळते हे कळल्यावर म्हणाल्या, "मग भाऊ, तुम्हीच सांगा. तुमच्या त्या सिस्टीममध्ये मी दोनदा आहे. ऑफिसात म्हणतात, मॅडम दोन आहेत, तर एकीला तरी वेळेवर येऊ द्या."

मागच्या सीटवरचेही हसले. नागपूरचा एक क्रमांक आणि इथे रुजू होताना मिळालेला दुसरा, असा प्रकार होता. त्यापायी त्यांच्या रजा अडकत होत्या. रीतीप्रमाणे अशा कामाला खात्याचं पत्र लागतं. आपल्या माणसाला कशाला पत्रासाठी फिरवायचं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, चार लोकांसमोर "मी करून देतो" म्हणायला बरं वाटलं.

सोमवारी दुपारी मी जुनी नोंद डिलीट करायला घेतली. होईना. पडद्यावर आलं की हिला आणखी एक नोंद जोडलेली आहे, आधी ती हलवा. अशा वेळी जोडलेली नोंद उघडून बघायची, नव्या क्रमांकाखाली न्यायची आणि मगच जुनी काढायची, हे मी स्वतः इतरांना शिकवतो. पण बदलीच्या माणसांची अशी नोंद बहुतेक वेळा जुन्या रजेची असते. मी उघडलीच नाही. सिस्टीमची ती तपासणीच बंद केली आणि पुन्हा डिलीट दाबलं. 'दोन नोंदी काढल्या,' असं आलं. मी ते वाचलं. वाचून चहाला गेलो.

ताईंनी डबाभर सांडगी मिरची पाठवली.

अडीच महिन्यांनी त्यांचा फोन आला. "सरोजिनी नगरच्या क्वार्टरची यादी लागली, भाऊ. मागच्या वेळी मी चौथी होते. आता नावच नाही. पावतीवरचा नंबर टाकला, तर तिथला बाबू म्हणतो, मॅडम, ये तो किसी का नहीं है."

दिल्लीत येताच त्यांनी सरकारी घरासाठी अर्ज केला होता, जुन्या क्रमांकावर. ती दुसरी नोंद म्हणजे तो अर्ज. त्यांना तळमजल्याचं, नाहीतर लिफ्टचं घर हवं होतं. आईला अर्धांगवायू झालेला, आणि राहायला मयूर विहारमध्ये तिसरा मजला, लिफ्ट नाही. काढलेल्या नोंदींच्या जुन्या प्रती आमच्याकडे महिनाभरच राहतात. मी सगळीकडे शोधलं. काही उरलं नव्हतं.

"बघतो," मी म्हणालो. आणखी दोन महिने मी "बघतो" म्हणत राहिलो.

शेवटी एका रविवारी तो जिना चढून गेलो. आई खिडकीशी पलंगावर होती. मला बघून तिने लेकीला विचारलं, "खालचं घर झालं का?" ताई म्हणाल्या, "होईल, तू झोप." मग मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. पडद्यावर काय आलं होतं आणि ते मी वाचलं होतं, हेसुद्धा.

त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी अर्ज केला होता ना? इतके दिवस मला वाटतंय, मीच काहीतरी चुकले. पावतीसुद्धा मला खोटी वाटायला लागली होती."

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. चहा दिला.

मी खात्याला चूक लिहून दिली, सहीनिशी, पावतीची झेरॉक्स जोडून. कंपनीतले आमचे साहेब म्हणाले, "लिख के क्यों दिया, यार?" खात्याकडून उत्तर आलं की नमूद केलेला अर्ज प्रणालीत आढळत नाही, सबब कार्यवाही करता येत नाही. मला साधी नोटीसही मिळाली नाही. जे नव्हतंच, ते मी पुसलं कसं?

ताईंनी नवा अर्ज केला. तारीख नवी, त्यामुळे नंबर यादीच्या तळाशी. यंदा त्या बसला आल्या नाहीत, आईजवळ बसायला कोणी नव्हतं. दर सोमवारी मात्र फोन येतो. आता त्या मला भाऊ म्हणत नाहीत, सर म्हणतात.

"सर, तो नवा अर्ज तरी आहे ना तिथे? बघून सांगा."

मी उघडून बघतो. अर्ज असतो, आणि नंबर मागच्या सोमवारी होता तोच.

"आहे," मी सांगतो. मग त्या फोन ठेवतात.