माझी बाटली तेवढी चमकली

आता हे कुठल्या तोंडाने सांगू? पण सांगतेच. नाहीतर समोरच्या दारातली सुगंधा सांगेल, आणि ती फार रंगवून सांगते.

आमच्या शांती नगरात बायकांच्या अशक्तपणावर एक अभ्यास चालला होता. बारा जणींना रोज एक पोषणाची पुडी, जेवणात कालवून खायची. गटाची प्रमुख मी. का, तर माझा आवाज मोठा. रोज सकाळी ग्रुपवर माझा मेसेज जायचा, पुडी विसरू नका म्हणून. आणि मी स्वतः? अहो, गंजलेला खिळा चाटल्यासारखी चव. दोन दिवस खाल्ली, मग माझी पुडी कढीपत्त्याच्या कुंडीत जायला लागली.

अभ्यासाच्या मॅडमनी आधीच सांगितलं होतं, की पुडीत एक बी व्हिटॅमिन आहे, ते लघवीत उतरतं आणि निळ्या दिव्याखाली पिवळं चमकतं. कधीही तपासू. एका सोमवारी निरोप आला, उद्या अकराला सोसायटीच्या ऑफिसात लघवीची बाटली घेऊन या.

प्रमुखच नापास झाली तर तोंड कुठे दाखवायचं? मंगळवारी मेडिकल उघडायच्या आधी मी शटरसमोर हजर. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मागितल्या. दुकानदार म्हणाला, "कमजोरी है क्या, भाभी?"

"नहीं, परीक्षा है."

दोन तिथेच गिळल्या. घरी येऊन आणखी एक, उगाच धोका नको.

ऑफिसात खिडक्यांना काळे कागद लावलेले. बाटल्यांवर नुसते नंबर, पण कुणाचा कुठला ते सगळ्यांना पाठ. मॅडमनी निळा दिवा लावला. अकरा बाटल्या गप्प. सात नंबरची मात्र अशी पेटली, की काशीमीऱ्याला हायवेवर ट्रकच्या मागे रेडियम चमकतं ना, तशी. सात नंबर माझा.

इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण नाही. मी उभी राहून अकरा जणींना झापायला लागले. फुकट मिळतं म्हणून किंमत नाही, खोटं बोलता, माझं नाव घालवलंत. मॅडम मध्ये काहीतरी बोलायला बघत होत्या, त्यांनाही म्हटलं, थांबा, मी बघते यांच्याकडे.

सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मी रोज खाल्ली हो. दहीभातात कालवून."

"मग बाटली खोटं बोलते का?"

"नाही, बाटली खरंच बोलतेय, वैशालीताई," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण या आठवड्याच्या पुड्यांत आम्ही ते व्हिटॅमिन घातलंच नव्हतं. मध्येच एखादा आठवडा वगळतो. कुणी बाहेरून काही घेत असेल तर समजतं."

अकरा जणी माझ्याकडे बघतायत, आणि माझी बाटली चमकतेच आहे. मॅडमना दिवा विझवायचंही सुचेना.

मग केलं सगळं कबूल. मॅडमनी हसू दाबत लिहून घेतलं. मी सगळ्यांची माफी मागितली, सुगंधाची दोनदा. मग तिनेच डोळे पुसत मला खुर्ची ओढून दिली.

"बसा ताई, पाणी आणते," ती म्हणाली. "की तेही तुम्ही बाहेरून घेऊन आलात?"