व्हॅनमधला अलार्म किती वेळा वाजला

माझी एक गोष्ट आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत आहे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतही. ती खोटी आहे. खरी गोष्ट आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेली नाही, बायकोनंसुद्धा नाही. आणि आता सांगायला बसलोय, तर आधी राग येतोय तो ती खोटी गोष्ट ऐकून माझी पाठ थोपटणाऱ्यांचा. एकालाही शंका येऊ नये? एकानंही विचारू नये, की बाबा रे, तू तिथं नक्की काय करत होतास?

मी मेकअपमन. बावीस वर्षं मालिकांच्या सेटवर लोकांचे चेहरे रंगवतोय. ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, मनोरीच्या एका बंगल्यावर शूटिंग होतं तेव्हाची. बंगल्यातल्या विजेचा भरवसा नाही, म्हणून कलाकारांची व्हॅनिटी व्हॅन स्वतःच्या जनरेटरवर चालायची. बसएवढी गाडी. आत आरसे, पलंग, एसी, आणि मागच्या बाजूला, पोटात, डिझेलचा जनरेटर.

गाडी चालवायचा दत्ताराम, जनरेटरही तोच बघायचा. मालवणकडचा माणूस. रोज सकाळी जनरेटर सुरू करण्याआधी त्याला उदबत्ती ओवाळायचा, आणि आम्ही हसायचो. पण ओवाळून झाल्यावर तो ती उदबत्ती धुराच्या नळीपाशी धरून उभा राहायचा. धूर गाडीवर येतोय की लांब जातोय ते बघायचा. गाडीवर आला, तर गाडी वळवून लावायचा, मग डायरेक्टर कितीही ओरडू दे. नळीसमोर भिंत नको, झाडोरा नको, खुर्चीसुद्धा नको. मग आत येऊन छतावरच्या अलार्मचं बटण दाबून बघायचा. जनरेटरच्या धुरातला विषारी वायू — त्याला ना रंग, ना वास — आत शिरला तर ओरडणारा अलार्म. मला त्यानं समजावलं होतं. मध्येच एकदा टिक वाजला, तर बॅटरी संपत आलीय. लागोपाठ चार वेळा वाजला, थांबला, परत चार वेळा, तर विचार करत बसायचं नाही. स्वतः बाहेर पडायचं आणि आतल्या सगळ्यांना बाहेर काढायचं.

दोनदा समजावलं होतं. हे मुद्दाम सांगतो — मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला उरू नये.

त्या दिवशी व्हॅनमध्ये निर्मलाताई होत्या. पासष्टीच्या पुढच्या. मला या लाइनीत पहिलं काम त्यांनी मिळवून दिलं. त्यांचं पाठांतर म्हणजे काय सांगू? सीन एकदा वाचला की स्वतःचे संवाद पाठ, समोरच्याचेही पाठ. नवीन पोरगी अडखळली की ओठ न हलवता तिला शब्द पुरवायच्या. त्या मालिकेत त्यांच्या गालावर भाजल्याचा डाग होता. तो मी केला होता, अडीच तास खपून. फार सुंदर झाला होता. अजून वाटतं — आणि अजून वाटतं याचीच चीड येते.

दुपारी मागच्या अंगणात शॉट लागला. जनरेटरचा आवाज येतोय म्हणून साउंडवाला कुरकुरायला लागला. झालं, सेटिंगवाल्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला प्लायच्या फळ्या उभ्या केल्या आणि वर घोंगड्या टाकल्या. दत्ताराम भडकला. "धूर खंय जातलो?" म्हणून ओरडला. कुणाला पडली होती? शेवटी त्यानं जनरेटर बंद केला. मला म्हणाला, "दादा, फळ्यो काढल्याशिवाय चालू करू नको." आणि बंगल्याच्या पुढच्या अंगणात जेवायला गेला. त्याची चूक काय? सांगा ना, कुठं चुकला तो?

एसी बंद झाला. ताई पलंगावर झोपल्या होत्या. दहा मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला आणि डागाची एक कड सुटायला लागली. मला काय दिसलं? कड. बाई दिसली नाही, कड दिसली! दाराशेजारी जनरेटरचं बटण होतं. मी ते दाबलं. घोंगड्यांमुळे आवाज बाहेर फारसा गेला नाही, कुणी हूं की चूं केलं नाही.

पंधरा मिनिटांनी अलार्म वाजला.

आणि बाहेरून कुणीतरी खेकसलं, "कोण वाजवतंय रे? साउंड रोल होतोय!" सेटवर राहिलेल्या माणसालाच हे कळेल. ही हाक आली की आम्ही शिंक गिळतो, खोकला गिळतो. हात आधी आवाज बंद करायला जातो, विचार नंतर येतो. मी स्टुलावर चढलो, अलार्मचं झाकण उघडलं, बॅटरी काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. पण सवयीनं केलं असं म्हणून मी सुटत नाही. कारण माझं डोकं जड झालं होतं, कानशिलं ठणकत होती, आणि जरा हवा खाऊन येऊ असं मला वाटलंही. म्हणजे काहीतरी कळत होतं ना? मी बाहेर पडलो. माझी हवा मी घेतली. आणि गारवा जाऊ नये म्हणून दार नीट ओढून घेतलं.

पाऊण तासानं ताईंना बोलवायला गेलो, तर त्या उठेनात. डाग नसलेल्या गालावर लाली होती. ती मी लावलेली नव्हती. मी बोंब मारली, त्यांना उचललं, बाहेर आणलं, धावलो. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट इथून सुरू होते.

हॉस्पिटलात सगळ्यांनी विचारलं, जनरेटर चालू कसा? मी म्हटलं, मी आत गेलो तेव्हा चालूच होता. अलार्म? एकदाच टिक वाजला, बॅटरी गेलेली वाटली, म्हणून काढली. दत्ताराम कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "दादा, मी बंद करून गेलंय ना?"

मी म्हटलं, "आठवत नाही रे मला."

तो वळला आणि चालू लागला. का नाही माझी कॉलर धरली? का नाही शिव्या घातल्या? बघा — अजूनही मी त्याच्यावरच ढकलतोय. त्याला त्याच संध्याकाळी काढलं. जनरेटर चालू ठेवून जेवायला गेलेला ड्रायव्हर, अशी बोंब झाली, आणि मग कुठल्याही युनिटनं त्याला गाडी दिली नाही. गावी गेला म्हणतात. ज्या माणसाची उदबत्ती आमच्या सगळ्यांच्या अकलेपेक्षा शहाणी होती, तो निष्काळजी ठरला. आणि मला सेटवर शाल-नारळ. मी मान खाली घालून शाल घेतली. लोक म्हणाले, किती नम्र आहे!

ताई वाचल्या. पण शब्द टिकेनात. परत आल्या तेव्हा साधा चार ओळींचा सीन होता. अकरा टेक झाले. बाराव्याला त्यांनी हातात कागद मागितला, तो बघून वाचला, आणि त्यानंतर सेटवर आल्या नाहीत.

आता बोरिवलीला असतात. दर दिवाळीला मला फराळाला बोलावतात. शेजारणींना सांगतात, हा नसता तर मी गेले असते. मी चकली खातो. गेल्या दिवाळीला शेजारणी गेल्यावर ताई मध्येच म्हणाल्या, "तो अलार्म किती वेळा वाजला होता रे? मला झोपेत चार वेळा ऐकल्यासारखं आठवतंय. चार, मग परत चार."

समोर बसल्या होत्या. डोळ्यांत आशा होती — काहीतरी आपल्याला धड आठवतंय, याची.

मी म्हटलं, "एकदाच, ताई."

"असं होय," म्हणाल्या. "मग माझंच चुकत असेल. आता माझ्या आठवणीचा काय भरवसा." आणि चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली.

त्यांचं चुकत नव्हतं. चार वेळा वाजला होता, थांबला होता, आणि परत चार वेळा वाजला होता. मी स्टुलावर चढता चढता मोजलं होतं.