रंभाबाईने न पाहता सांगितलं

आंबेटोल्यात मे महिना लागला की रंभाबाई मोहुर्लेचा भाव वधारतो. एरवी तिला कोण विचारतं! दहावी झालेली, नवरा बल्लारपूरला कामाला, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. शाळेत खिचडी शिजवता शिजवता एक दिवस वनसमितीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसली ती बसलीच. पण तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीची पानं तोडायच्या दिवसांत पहाटे पाचला गावातल्या तीस-बत्तीस बाया पाण्याची कॅन आणि भाताचा डबा घेऊन त्या खोलीच्या खिडकीशी जमतात, आणि रंभाबाई तोंड उघडत नाही तोवर एकीचंही पाऊल जंगलाकडे पडत नाही.

कारण साधं आहे. गावाभोवतीच्या पाच पायवाटांवर झाडांना कॅमेरे बांधलेत. रात्री त्यांच्यासमोरून जे काही जाईल त्याचा फोटो कॉम्प्युटरवर येतो. रंभाबाई ते फोटो पाहते आणि खिडकीतून सांगते, आज तलावाकडे जा, आज नाल्याकडे नको. तीन वर्षांपूर्वी बुधरी कोवेचा नवरा नाल्याच्या वाटेवर वाघाने नेला, तेव्हा हे कॅमेरे नव्हते. ते आल्यापासून गावातलं एकही माणूस गेलेलं नाही. रंभाबाईचा शब्द गावात मोठा झाला, आणि तो मोठा झाल्याचं तिला मनातून आवडतंही.

आता खरं सांगायचं तर रंभाबाईला कॉम्प्युटर येत नाही. चंद्रपूरहून धम्मदीप रामटेके नावाचा तंत्रज्ञ तीन दिवस शिकवायला आला होता. ब्राउझर म्हणजे काय, पत्ता कुठे लिहायचा, सगळं त्याने जीव तोडून सांगितलं. रंभाबाईने मान डोलावली आणि त्यातलं एकच पाठ केलं: गोल रंगीत चित्रावर दोनदा दाबायचं, मग वरती पाच चित्रांची पट्टी येते, त्यातलं तिसरं, हिरवं झाड, ते दाबलं की फोटो. अंधारात मिठाचा डबा कुठे आहे हे बाईच्या हाताला ठाऊक असतं ना, तसं. दोन वर्षं तेवढ्यावर निभावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ उघडायची भीती मात्र गेल्या महिन्यापासून पोटात घर करून होती. समितीचे अध्यक्ष गुणवंतराव भर सभेत बोलले होते, "हे काम एखाद्या शिकलेल्या पोराले द्या. बाईले त्यातलं काय समजते?" त्यावर रंभाबाई ताडकन उठली होती. "दोन वर्षांत एक दिवस तरी चुकली का मी? सांगा!" घरी येऊन मात्र तिला जेवण गेलं नाही.

आणि मग ती सकाळ आली. रंभाबाईने कॉम्प्युटर चालू केला. मधोमध इंग्रजीत एक चौकट आली, काहीतरी अपडेट झाल्याचं सांगणारी. तिने ती बंद केली आणि गोल चित्रावर दोनदा दाबलं. पांढरं पान उघडलं. वर पाहिलं तर पट्टी नाही. पाच चित्रांतलं एकही नाही. नुसती कोरी जागा.

तिने बंद करून पुन्हा उघडलं. नाही. पुन्हा बंद, पुन्हा उघड. नाही. रंभाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं, हेच पहिलं मनात आलं. अशा वेळी माणूस यंत्राला दोष देत नाही, स्वतःच्या बोटांना देतो.

"काऊन वं रंभे, उशीर करून राह्यली?" खिडकीतून बुधरीने विचारलं. तिच्या मागे बाया ताटकळल्या होत्या. ऊन चढायच्या आत पानं तोडून परत यायचं असतं. बायांत रंभाबाईची सून मयुरीही होती, लग्नानंतरचा हा तिचा पहिलाच हंगाम.

एवढंच म्हणायचं होतं, की आज दिसत नाही, थांबा. चार शब्दांचं काम. पण रंभाबाईला त्या क्षणी वाघ दिसला नाही, गुणवंतराव दिसले. काल नाल्याकडे काही नव्हतं, परवाही नव्हतं, मग आजच कुठून येणार, असं तिने मनाला समजावलं. आणि माणूस मनाला समजावायला लागला की समजावं, काहीतरी चुकतंय.

"नाल्याकडं जा," ती म्हणाली. "काई नाई."

बाया गेल्या. मयुरीने जाताना हात हलवला. त्यांचे आवाज लांब गेले आणि खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली. मग रंभाबाईला आपण काय केलं ते कळलं. तिच्या पाठीवरून घामाची धार उतरली. मे महिन्यातला घाम नव्हता तो.

अजूनही मागे धावून हाक मारता आली असती. बाया शेतांमधल्या पांदणीच्या वळणापर्यंतच पोचल्या असतील. पण हाक मारली तर कारण सांगावं लागणार. त्यापेक्षा पट्टी सापडली, फोटो पाहिले, नाला मोकळा निघाला, की कोणाला काही कळायचंच नाही. या विचाराने ती खुर्चीला चिकटून बसली. मला तिचा राग येतो तो इथे. अडाणीपणा माफ करता येतो, पण ही पंधरा मिनिटं?

त्या पंधरा मिनिटांत तिने सापडेल ते बटण दाबलं. एका बटणाने अक्षरं मोठी झाली. दुसऱ्याने वरची पत्त्याची चौकटसुद्धा नाहीशी झाली आणि सगळा पडदा पांढराफटक पडला. आता आत शिरायला जागाच राहिली नाही. शेवटी तिने धम्मदीपला फोन लावला. तो तिसऱ्यांदा लावल्यावर झोपेतून उठला.

"दादा, पट्टी गेली. सगळंच गेलं."

"घाबरू नका बाई. अपडेटनंतर होते तसं. सगळ्यात वरच्या ओळीत एफ अकरा आहे, ते दाबा."

तिने दाबलं. पत्त्याची चौकट परत आली. पट्टी नाही.

"त्या पेजचा पत्ता सांगा, तोच लिहून पाहू."

"हिरवं झाड, तिसरं."

"अहो, ते चित्र झालं. पत्ता?"

"मले नाई माहीत, दादा."

धम्मदीपने दहा गावांत अशी पानं लावून दिली होती, प्रत्येकाचा पत्ता हातभर लांब, आणि तो लिहिलेली वही ऑफिसच्या कपाटात. मग तो सावकाश म्हणाला, "बाई, बाया थांबल्या आहेत ना?"

रंभाबाईने खिडकीबाहेर पाहिलं.

"बाई?"

"गेल्या. नाल्याकडं. म्या सांगतलं."

"न पाहता?"

पण धम्मदीप रागावत बसला नाही, त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. "बरं, ऐका. कंट्रोल लिहिलेलं दाबून धरा. सोडू नका. त्याच्यावर शिफ्ट, तेही धरा. आता बी."

पहिल्यांदा बोट घसरलं. दुसऱ्यांदा तिने तिन्ही एकदम दाबली, आणि पट्टी आली. पाचही चित्रं जिथल्या तिथे. तीन बोटांचं काम होतं! कोणी काही मोडलं नव्हतं, पट्टी फक्त लपली होती. एरवी रंभाबाई हसली असती.

तिने हिरवं झाड दाबलं. तलावाचा कॅमेरा: दोन रानडुकरं. टेकडीचा: काही नाही. तिसरा, चौथा: काही नाही. पाचवा नाल्याचा. पहाटे चार वाजून चाळीस मिनिटं. वाघीण तोंड गावाकडे करून उभी, आणि तिच्या मागे गवतात दोन पिल्लं.

"दादा," एवढंच ती म्हणाली आणि फोन टेबलावर तसाच टाकून पळाली.

मयुरीला फोन लावून उपयोग नव्हता, नाल्याकडे रेंज कधीच नसते. समितीचा चौकीदार वारलू अंगणात दात घासत होता. "वारलूभाऊ, गाडी काढ! नाल्यावर वाघीण हाये, बाया तिथीच गेल्या!" त्याने तोंडही धुतलं नाही. रंभाबाईने शेजारच्या चुलीपाशी पडलेली जर्मनची परात आणि पळी उचलली आणि मागे बसली. वाटभर ती परात बडवत होती, मयुरीच्या नावाने ओरडत होती. घसा फाटला तरी तिला तो आपला वाटत नव्हता. मयुरीच्या आईला काय सांगू, हा एकच प्रश्न डोक्यात घण घालत होता. शब्द माझा होता, असं सांगू?

जंगलाच्या कडेला पहिल्या बाया भेटल्या. परातीचा आवाज ऐकून त्या आधीच एकत्र आल्या होत्या. रंभाबाईने चेहरे पाहिले. बुधरी नाही. मयुरी नाही.

"चांगली पानं पुढं हायेत म्हणून गेल्या त्या," कोणीतरी सांगितलं.

वारलूने कुऱ्हाड घेतली. सगळ्या बाया घोळक्याने, ओरडत, नाल्याच्या अंगाला निघाल्या. आत बांबूच्या दाट रांजीत चितळ ओरडलं. एकदा, मग लागोपाठ. वाघ दिसला की ते असं ओरडतं, हे तिथल्या पोरासोरांनाही कळतं. रंभाबाईने परात आणखी जोरात बडवली.

आणि समोरच्या झुडपातून बुधरी मागे मागे सरकत आली. एका हाताने तिने मयुरीचं मनगट घट्ट धरलं होतं आणि डोळे नाल्यावरून हलवले नव्हते. मयुरीचे ओठ पांढरे पडले होते. दोघी तशाच घोळक्यात शिरल्या.

"पाणी पेऊन राह्यली होती," बुधरी म्हणाली. "पिल्लं बाजूलेच होती. आपल्याकडं पाह्यलं तिनं."

सगळ्या गावाकडे वळल्या. पांदणीत आल्यावर बायांना कंठ फुटला. एक म्हणाली, "बरं झालं बाई, रंभाबाई धावत आली. फोटो नंतर पडला असन." सुटका आयती समोर उभी होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"फोटो आदीच होता," रंभाबाई म्हणाली. "म्या पाह्यला नव्हता. मशीन बंद पडली होती, अन् मले ते येत नाई. लाजंपायी तुमाले खोटं सांगतलं." आणि ती रस्त्यातच मटकन खाली बसून रडायला लागली.

कोणी तिला उठवलं नाही. मयुरीसुद्धा पुढे झाली नाही. बुधरी मात्र थांबली.

"दिसत नाई म्हनली असती तं आमी घरी गेलो असतो," ती म्हणाली. "एक दिवसाची पानं गेली असती. बस." आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे रंभाबाई साडेचारलाच खोलीत होती. पट्टी जागेवर होती. तिने पाचही फोटो पाहिले, पुन्हा पाहिले, तिसऱ्यांदा पाहिले. बाया आल्या, पण रोजच्यासारख्या गलका करत नाही.

"तलावाकडं काई नाई," ती खिडकीतून म्हणाली. "म्या पाह्यलं. खरंच पाह्यलं."

एकही बाई हलली नाही.

मग खोलीचं दार उघडलं आणि बुधरी आत आली. अंगठेबहाद्दर बाई, कॉम्प्युटरच्या जवळ आयुष्यात कधी गेली नव्हती. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"दाखव," ती म्हणाली.

रंभाबाई उठली आणि तिने आपली खुर्ची बुधरीपुढे सरकवली.